दुसऱ्याची वाकळ व आपलें यंत्र

दिवाळी सरली, कापसाची वेचणी भरास आली आणि पहाटेच्या वाऱ्यास धार चढली, म्हणजे आमच्या वर्धा जिल्ह्यांतील गांवोगांवीं जुन्या पेट्या उघडतात. विरलेलीं लुगडीं, धोतरें, मुलांचे आखूड झालेले सदरे त्यांतून बाहेर निघतात, आणि त्यांचें गांठोडें बांधून बाया ज्या घरीं शिवणाचें यंत्र असेल त्या घरची वाट धरतात. कोणी गोधडी म्हणतात, कोणी वाकळ, वस्तु एकच. पूर्वीं हें काम ज्याचें त्याच्याच घरीं होत असे. जेवणें आटोपल्यावर ओसरीवर कापडाचे थर अंथरावेत, काठाकाठानें धावदोरा घालीत मध्यावर यावें, असें करतां करतां एका वाकळेस कित्येक दुपारी जात. आतां तेंच काम यंत्रावर लवकर उरकतें, व दुसऱ्यांच्या वाकळा मजुरीनें शिवून देणें हा एक धंदाच झाला आहे. धंदा लहान दिसतो खरा. परंतु परक्याचें पांघरूण आपल्या हातीं आलें असतां त्याचें व आपलें काय नातें होतें, हा प्रश्न मात्र लहान नाहीं, आणि आज त्याचाच विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एका आक्षेपाचा निकाल लावूं. कित्येक म्हणतात कीं, हातानें शिवलेल्या वाकळेंत आईची माया असते, यंत्राच्या टाक्यांत ती कोठून येणार? हें बोलणें गोड आहे, पण तें बहुधा ज्यांना स्वतः वाकळ शिवावी लागली नाहीं अशांच्या तोंडून येतें. आमच्या आज्यांनीं चिमणीच्या उजेडांत डोळे ताणून जे टाके घातले ते मायेनें घातले हें खरें. परंतु नवें पांघरूण घेण्यास घरांत पैसा नव्हता म्हणूनही घातले. गरजेला माया म्हणून तिची आरती ओवाळण्याची आम्हांस आवड नाहीं. मुलाच्या अंगावर पांघरूण वेळेवर पडावें म्हणून जी आई मजुरीचे पैसे वेगळे काढून ठेवते, तिची माया कोणत्या मापानें कमी ठरवावी?

यंत्राविषयींचा वाद तर आपल्या जिल्ह्याच्या अंगवळणीं पडलेला आहे. १९२४ सालीं गांधीजींचें यंत्रांविषयीं एका तरुणाशीं संभाषण झालें व तें ‘यंग इंडिया’ पत्रांत छापलें गेलें. त्यांत त्यांनीं सिंगरच्या शिवणयंत्रास आपल्या विरोधांतून मुद्दाम वगळलें. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरनें तें यंत्र काढिलें, अशी त्यांची समजूत होती. इतिहास इतका कोमल नाहीं. अमेरिकेंत एलियास हाउ यानें १८४६ सालीं व सिंगरनें १८५१ सालीं आपापल्या यंत्रांचे हक्क नोंदविले, आणि पुढें दोघे त्या हक्कांवरून न्यायालयांत भांडले. त्यापूर्वीं १८३१ सालीं पॅरिस शहरांत थिमोनिये नांवाच्या शिंप्याच्या कारखान्यांतील यंत्रें इतर शिंप्यांनीं पोट जाईल या भयानें फोडून टाकिलीं होतीं. तेव्हां हें यंत्र प्रेमांतून जन्मलें असें म्हणवत नाहीं. तरी गांधीजींनीं काढलेली सीमारेषा आम्हांस योग्य वाटते. जें यंत्र एका बाईच्या घरांत मावतें, तिच्याच पायानें किंवा हातानें चालतें व तिच्याच मालकीचें असतें, तें तिला दास करीत नाहीं. भाड्यानें घेतलेल्या किंवा कर्जांत बुडालेल्या यंत्राची गोष्ट निराळी.

गांधीजी १९३६ सालीं शेगांवास राहावयास आले. तेंच पुढें सेवाग्राम झालें. त्याआधींच, १९३४ सालीं, अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन होऊन वर्ध्याच्या मगनवाडींत त्याचें काम सुरू झालें होतें. त्या संघाचे चिटणीस जो. कॉ. कुमारप्पा हे ख्रिस्ती होते, ही गोष्ट आमच्या किती वाचकांस ठाऊक आहे? त्यांचें एक म्हणणें आमच्या विषयास नेमकें लागू पडतें. वस्तु विकत घेणारा केवळ पैसे टाकून मोकळा होत नाहीं. ती वस्तु ज्या रीतीनें तयार झाली तिच्या बऱ्यावाईटाचा तोही वांटेकरी होतो, असें ते शिकवीत. वाकळ शिवून घेणाऱ्यांनीं हें ध्यानांत धरावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां यंत्राचा खरा दोष सांगतों. तो मायेचा नसून कापडाचा आहे. हाताच्या धावदोऱ्यांत एकच दोरा कापडांतून खालींवर जातो, तो सैल असतो, आणि पांघरूण अंगाबरोबर वळतें. यंत्राच्या शिवणींत वरचा व खालचा असे दोन दोरे थरांच्या मध्यें एकमेकांस अडकतात. शिवण पक्की होते, पण ताठ होते. लुगडें वीस वर्षें नेसून, आपटून धुऊन विरलेलें असलें, तर बारीक दाट टाक्यांनीं सुईचीं भोकें रांगेनें पडून तें कागदासारखें त्या रेषेवर फाटतें. त्यांत कृत्रिम धाग्याचा चिवट दोरा घातला कीं दोरा टिकतो व कापड कापलें जातें. म्हणून जाणती शिवणारी टाका लांब ठेवते, सुई नवी घालते, सुती कापडास सुती दोरा वापरते, आणि नवें कापड मिसळावयाचें तर आधीं भिजवून आटवून घेते. कोऱ्या कापडाच्या ठिगळाचा दाखला प्रभूनें दिला तेव्हां ऐकणाऱ्यांस तो समजावून सांगावा लागला नाहीं, कारण प्रत्येकाच्या घरीं असें एखादें वस्त्र फाटलेलें होतें.

पण कांहीं कापड असें येतें कीं, तें यंत्राखालीं घालूंच नये. येथें शिवणारीची पहिली परीक्षा होते. बाई गांठोडें घेऊन आली आहे, मजुरी देण्यास तयार आहे, तिला कापडांतलें कांहीं कळत नाहीं. शिवून दिली तर या हिवाळ्यापुरती वाकळ चांगली दिसेल. फाटेल ती पुढल्या वर्षीं, आणि तेव्हां दोष जुन्या लुगड्यावर जाईल. अशा वेळीं “ही माझ्या यंत्राची नव्हे, हातानें शिवा” असें सांगून हातची मजुरी सोडणें हें उपासनेंत साक्ष देण्याहून कठीण आहे, असें आम्हांस वाटतें. तिला कोणी पाहत नाहीं, कोणी वाखाणीत नाहीं, आणि त्या दिवशीं तेलमीठ उधार आणावें लागतें.

दुसरा प्रश्न आवडीचा. शिवणारीचा हात सरावलेला असतो. कोणता रंग कोठें शोभेल हें धनिणीपेक्षां तिला अधिक कळतें. पण वाकळ कोणाची? उत्तर कन्नड जिल्ह्यांत, हल्याळ-यल्लापूरच्या रानांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेंतून आले, व त्यांत हिंदु, मुसलमान व ख्रिस्ती तिन्ही आहेत. त्यांच्या बाया ज्या कवंदी शिवतात, त्यांच्या चारी कोपऱ्यांस कापडाचीं त्रिकोणी फुलें लावितात. तीं नसलीं तर कवंदी उघडी राहिली असें त्या मानतात. ऊब देण्यास त्या फुलांचा कांहीं उपयोग नाहीं. परकी शिवणारी म्हणेल, हीं कशाला? अमेरिकेंतही एकीनें तुकडे जोडून वरचा पदर करावा व दुसरीनें तिन्ही थर यंत्रावर शिवून द्यावेत असा धंदा चालतो, आणि कोणाच्या मृत आजीनें अर्धवट टाकलेलें काम पेटींत सांपडून असें परक्या हातीं येतें. त्यांतले चौकोन वांकडे असतात. ते उसवून सरळ करावेत काय? आमच्या मतें, विचारल्यावांचून करूं नयेत. आपल्या गांवींही दुरुस्तीस आलेल्या वाकळेंत म्हाताऱ्या हाताचे वेडेवांकडे टाके दिसले, तर ते काढण्यापूर्वीं ते कोणाचे हें विचारण्यास किती वेळ लागतो?

आतां ज्या प्रश्नावर आमच्या मंडळ्यांत खरोखर भांडणें होतात त्याकडे येऊं. समजा, पौष लागला आहे, वाकळ शिवून तयार आहे, व धनीण संध्याकाळीं रिकाम्या हातानें दारांत उभी आहे. कापसाचे पैसे व्यापाऱ्याकडून आले नाहींत, आठ दिवसांनीं देतें, म्हणते. घरीं दोन लेकरें आहेत. शिवणारी विधवा आहे, यंत्राचा हप्ता तुंबला आहे. तिनें वाकळ अडकवून ठेवावी कीं द्यावी?

सरकारी कायदा तिच्या बाजूचा आहे. १८७२ सालच्या करार कायद्याच्या १७० व्या कलमान्वयें, दुसऱ्याच्या वस्तूवर ज्यानें आपली मेहनत किंवा कसब खर्च केलें, त्यास उलट करार नसेल तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तु ठेवून घेण्याचा हक्क आहे. त्या कलमाखालीं दाखलाही शिंप्याचाच दिला आहे: शिंप्यानें अंगरखा तयार होतांच देण्याचें व पैशांस तीन महिन्यांची मुदत देण्याचें कबूल केलें असेल, तर त्यास तो अडवितां येत नाहीं. म्हणजे आधीं काय बोलणें झालें यावर सर्व अवलंबून.

मोशेचें नियमशास्त्र याहून पुढें जातें. गरिबाचें पांघरूण गहाण घेतलें असेल तर सूर्य मावळण्यापूर्वीं तें त्यास परत द्यावें, असें अनुवादाच्या २४ व्या अध्यायांत आहे. आमचे कांहीं शिक्षकबंधु हा भाग शिवणाऱ्या बहिणीस वाचून दाखवितात व तेथेंच पुस्तक मिटतात. त्यांनीं आणखी दोनच वचनें वाचावींत अशी आमची विनंती आहे. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशीं, सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावी, अशी आज्ञा लगेच खालीं आहे. एकाच सूर्याची मुदत दोघांस घातली आहे! आणि पहिली आज्ञा कोणास आहे? कर्ज देणाऱ्यास; ज्याच्या पेटींत दुसऱ्याचें पांघरूण पडलें असतां स्वतः उबेंत निजतो त्यास. आपली विधवा सावकार नव्हे. ती मजूर आहे, आणि दारांत उभी असलेली गरीब बाई, नकळत कां होईना, तिची धनीण आहे. म्हणून “वाकळ दे, देव तुझें पाहील” एवढेंच तिला सांगणें आम्हांस अर्धवट शास्त्र वाटतें.

तरी त्या रात्रीं वाकळ द्यावीच, असें आमचें मत आहे. थंडी मजुरीपेक्षां आधीं येते. आठ दिवसांनीं मिळालेला पैसा पैसाच असतो, आठ रात्री कुडकुडलेल्या लेकरास मात्र त्या रात्री परत मिळत नाहींत. पण हें मत देण्याचा अधिकार आम्हांस तेव्हांच, जेव्हां तिचा हप्ता कसा भरावयाचा हेंही आम्ही विचारूं. मंडळीच्या पेटींतून आठ दिवसांचे उसने देणें अशक्य नाहीं. त्याहून सोपा उपाय म्हणजे कापडास कातर लागण्यापूर्वीं अर्धी मजुरी घ्यावी व उरलेलीची तारीख बोलून ठेवावी. कित्येक भगिनींस असें मागणें ओशाळवाणें वाटतें. वाटूं नये. जिच्यापाशीं खरोखरच कांहीं नाहीं ती तेव्हांच सांगेल, आणि मग शिवणारी देईल तें दान जाणून देईल. फसून दिलेलें दान नव्हे.

आणि ज्यांच्यापाशीं आहे, त्यांचें काय? गरिबांपेक्षां हेच अधिक घासाघीस करतात, असें आमच्या पाहण्यांत आहे. “बहीण, आपण एका मंडळींतले, तुमच्याकडून मजुरी काय ठरवायची” असें म्हणून घरांतील चार वाकळा शिवून घ्यावयाच्या, व नाताळास अर्धा शेर साखर पाठवावयाची! असे लोक दुर्कशीचा दाखला देण्यास फार तत्पर असतात. यापोच्या दुर्कशीनें विधवांसाठीं वस्त्रें केलीं हें खरें. परंतु तीं घेऊन रडत उभ्या राहिल्या त्या विधवा होत्या, गांवचे पोटभरू लोक नव्हते. करिंथांत पौल अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर राहुट्या करीत असे व त्यावर निर्वाह करी. त्यानें त्या फुकट वांटल्याचें कोठें लिहिलेलें नाहीं. शिवणाऱ्या बहिणीस हा दाखला कोणी देतांना आम्हीं ऐकिला नाहीं.

एक गोष्ट थोडक्यांत पण स्पष्ट बोलावयाची. कोणाचें कापड हातीं घ्यावें? आमच्या पूर्वजांपैकीं पुष्कळांच्या वाट्यास प्रेतावरचें वस्त्र हक्क म्हणून येई, व त्यांचीं पांघरुणें त्याचींच होत. ज्यांच्या घराण्यांत ही आठवण आहे त्यांनीं तरी दुसऱ्याच्या गांठोड्याकडे नाक मुरडूं नये. मळलेलें कापड धुऊन आणावयास सांगणें यांत गैर कांहीं नाहीं. खरजेसारखा रोग कापडांतून येऊं शकतो, व उकळतें पाणी आणि कडक ऊन हा त्यावर उपाय आहे. परंतु “धुऊन आणा” हें सर्वांस सारखें सांगितलें तर ती स्वच्छता होते. एकाच वस्तीच्या बायांस सांगितलें तर तो विटाळ होतो. दत्तपूरच्या कुष्ठधामाचें काम १९३६ सालीं मनोहर दिवाण यांनीं सुरू केलें, तेव्हांपासून इतकीं वर्षें वर्ध्याच्या शेजारीं महारोग्यांची सेवा चालत आली. तरी त्या रोग्यांच्या कापडास भिणारे लोक आहेत, व हें भय निराधार आहे.

वाकळेचे आंतले थर कोणी पाहत नाहीं. सहा लुगडीं दिलीं त्यांतलें एक कमी घातलें, बऱ्या काठाची पट्टी काढून ठेवली, तर ती शिवण उसवल्यावांचून कळावयाची नाहीं. कातरण शिंप्याचें अशी रीत आहे, व नव्या कापडाच्या शिलाईंत आम्ही तिला हरकत घेत नाहीं. पण मेलेल्या आईच्या लुगड्याची चिंधीही धनिणीपुढें ठेवून, “हें नेतां कीं येथें टाकूं?” एवढें विचारावें. जुन्या लुगड्यांच्या पदरास कधीं कधीं गांठ राहिलेली असते. कापड अंथरण्यापूर्वीं सर्व पदर चांचपून पाहावेत. गांठींत एखादें चलन बंद झालेलें नाणें निघतें, औषधाची मुळी निघते, क्वचित् नुसतीच गांठ असते. जें निघेल तें चिंधींत बांधून, वाकळेची घडी घातल्यावर वरच्या थरावर ठेवावें, म्हणजे न्यावयास येणारीच्या दृष्टीस तें आधीं पडेल.