ऐकू आले म्हणजे सिद्ध झाले का?

घरच्या ध्वनियंत्रणेतून शक्य तितका निर्दोष आवाज मिळावा म्हणून धडपडणाऱ्या हौशी श्रोत्यांना ऑडिओफाइल म्हणतात. स्पीकर बदलले किंवा त्यांची खोलीतली जागा बदलली की आवाज बदलतो, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो ‘ट्वीक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आडवळणी उपायांचा. 1990 च्या सुमारास सीडीची कड हिरव्या शाईने रंगवली की संगीत अधिक स्वच्छ ऐकू येते, असा समज अमेरिकेत पसरला. ब्रिटनमध्ये पीटर बेल्ट यांनी सीडी फ्रीझरमध्ये ठेवून काढण्याचा, तसेच खोलीतल्या वस्तूंना विशिष्ट पट्ट्या चिकटवण्याचा उपाय सुचवला. अशा उपायांचा गुण मान्य करण्याआधी वैज्ञानिक पुरावा मागावा की श्रोत्याचा अनुभव पुरेसा मानावा, हा प्रश्न वरकरणी छंदाचा असला तरी मुळात ज्ञानमीमांसेचा आहे.

अनुभवाच्या बाजूला मोठी परंपरा आहे. जे. गॉर्डन होल्ट यांनी 1962 मध्ये ‘स्टिरिओफाइल’ हे मासिक सुरू केले, ते उपकरणांचे मूल्यमापन प्रत्यक्ष ऐकून करावे या आग्रहातून. कागदावरचे आकडे उत्तम असलेले यंत्र कानाला कर्कश वाटू शकते, हा त्यामागचा अनुभव होता. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की कानांवर विसंबायचे तर फक्त कानांवरच विसंबावे. डोळे, किंमत आणि अपेक्षा यांना त्यातून बाहेर ठेवावे. त्यासाठी दुहेरी अंध चाचणी वापरतात. कोणता पर्याय वाजतो आहे हे तिच्यात श्रोत्यालाही ठाऊक नसते आणि चाचणी घेणाऱ्यालाही.

भारतीय दर्शनांत हा पेच जुना आहे. मीमांसकांच्या स्वतःप्रामाण्यवादानुसार ज्ञान उपजतच प्रमाण असते. बाधक ज्ञान समोर येईपर्यंत किंवा ज्ञानाच्या साधनात दोष सापडेपर्यंत ते खरे मानायचे. नैयायिकांच्या परतःप्रामाण्यवादानुसार ज्ञानाचे खरेपण दुसऱ्या कसोटीने, विशेषतः त्यावर विसंबून केलेल्या कृतीच्या यशाने ठरते. ‘मला ऐकू आले, एवढे पुरे’ असे म्हणणारा श्रोता मीमांसकांच्या जवळ उभा असतो. मात्र त्यांनी दिलेली सवलत बिनशर्त नाही. साधनातला दोष उघड झाला की ती संपते.

उपकरण डोळ्यांसमोर ठेवून ऐकण्यातला दोष उघड झालेला आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये हार्मन या कंपनीतील 40 कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआडून आणि एकदा समोर दिसतील असे. पडदा दूर होताच गुण बदलले. आवाज तेच होते; बदलली होती ती श्रोत्यांना असलेली माहिती. म्हणून सर्वांत उदार प्रमाणशास्त्र स्वीकारले तरी उघड्या डोळ्यांनी ऐकलेल्या सूक्ष्म फरकाला स्वतंत्र आधार लागतोच. खुद्द होल्ट यांनीही 2007 मधील एका मुलाखतीत, अंध चाचण्या नाकारल्यामुळे या क्षेत्राने विश्वासार्हता गमावली, असे मत मांडले.

तरीही ‘पुरावा हवा’ हे वाक्य मोघमच राहते, कारण ट्वीकविषयी तीन वेगवेगळी विधाने केली जातात. ‘यामुळे मला ऐकण्यात अधिक आनंद मिळतो’ हे पहिले, ‘फरक मला ऐकून ओळखता येतो’ हे दुसरे आणि ‘तो अमुक कारणाने पडतो’ हे तिसरे. पहिल्याला पुरावा लागत नाही. अपेक्षेतून आलेला आनंदही आनंदच असतो आणि त्याचा साक्षीदार तो श्रोता स्वतः असतो.

दुसऱ्या विधानाला चाचणी हवी, उपपत्ती मात्र नको. डेव्हिड ह्यूम यांनी अभिरुचीवरील 1757 च्या निबंधात ‘डॉन किहोते’मधला एक प्रसंग वापरला आहे. दोन जाणकार मद्य चाखतात. एकाला त्यात चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. सगळे हसतात, पण पिंप रिकामे केल्यावर तळाशी चामडी वादी बांधलेली जुनी किल्ली सापडते. ध्वनितंत्राच्या इतिहासातही असे घडले आहे. सुरुवातीच्या अनेक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरांमध्ये पूर्ण शक्तीला मोजलेली विकृती नगण्य होती, तरी हळू आवाजात ते कर्कश वाटत. धन आणि ऋण अर्धलहरींच्या सांध्यावर होणारी विकृती त्याला कारणीभूत होती आणि रूढ मोजणीत ती झाकली जात होती. तेव्हा कारण सांगता येत नाही, एवढ्यावरून अनुभव फेटाळणे अशास्त्रीय ठरते.

बेल्ट यांचा दावा इथे उद्बोधक आहे. त्यांच्या मते सुधारणा हवेतल्या ध्वनीत होत नाही. परिसरातला ताण कमी झाल्याने ऐकणाऱ्याची ग्रहणक्षमता सुधारते. या मांडणीत मायक्रोफोनची मोजणी गैरलागू ठरते, पण अंध चाचणी ठरत नाही. पट्टी आहे की नाही हे ठाऊक नसतानाही श्रोत्याला फरक जाणवायला हवा. ठाऊक असले तरच जाणवतो, असे असेल तर परिणाम पट्टीचा नसून माहितीचा आहे.

चाचणीलाही मर्यादा आहेत. 16 पैकी 12 वेळा अचूक ओळखणे ही प्रचलित कसोटी केवळ अंदाजाने पार होण्याची शक्यता सुमारे 4 टक्के असते. म्हणजे निरुपयोगी ट्वीक 20 जणांनी तपासला, तर त्यांतला किमान एक जण निव्वळ योगायोगाने उत्तीर्ण होण्याची शक्यता निम्म्याहून अधिक. उलट, खरोखर 60 टक्के वेळा फरक ओळखू शकणारा श्रोता हीच कसोटी सहा प्रयत्नांत जेमतेम एकदा पार करील. म्हणून एका यशाने दावा सिद्ध होत नाही आणि एका अपयशाने तो खोटाही ठरत नाही. चाचणी पुनःपुन्हा व्हावी लागते.

तिसऱ्या विधानावर सर्वांत जड भार पडतो. हिरवी शाई लेसरचा भरकटलेला प्रकाश शोषते, असे सांगितले जाई. पण सीडीचा लेसर 780 नॅनोमीटरचा, अवरक्त असतो. डोळ्यांना शाई हिरवी दिसते, यावरून ती अवरक्त प्रकाश शोषते असे ठरत नाही. शिवाय रंगवण्याआधीची आणि नंतरची अंकीय माहिती अक्षरशः बिट-बिट ताडून पाहता येते. कारण सांगितले की ते तपासण्याची वाट खुली होते आणि तपासात टिकले नाही तर ते सोडावे लागते.

यातून पुराव्याची जबाबदारीही ठरते. स्वतःच्या घरात सीडी गोठवणारा कुणाचे काही देणे लागत नाही. तोच इतरांना ‘फरक पडतो’ असे सांगू लागला, की ऐकणाऱ्याला चाचणी मागण्याचा अधिकार मिळतो. विक्रेता कारण सांगून पैसे घेतो, तेव्हा चाचणी आणि कारण दोन्ही दाखवण्याचे ओझे त्याच्यावर येते. ‘तुम्हीच ऐकून पाहा’ या उत्तराने ते ग्राहकाच्या खांद्यावर ढकलता येत नाही.