सरकारी अंगणातला देव

ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावात नाताळ आला की बाजारपेठेतल्या बागेत नगरपालिका देखावा उभारत असे. सांताक्लॉजचं घर, रेनडिअर, नाताळचा वृक्ष, विदूषक, हत्ती, अस्वल, दिव्यांच्या माळा आणि या गर्दीत येशूजन्माचा गोठा. बाग खाजगी संस्थेची होती, पण देखावा नगरपालिकेचा. गोठ्यातल्या मूर्ती तिने 1973 मध्ये 1,365 डॉलरना घेतल्या होत्या. मांडायला-काढायला वर्षाकाठी वीसेक डॉलर लागत. काही नागरिक कोर्टात गेले. 1984 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी नगरपालिकेची बाजू उचलून धरली. सगळा देखावा एकत्र पाहिला तर तो सणाचा आहे, सरकार त्यातून धर्माचा पुरस्कार करत नाही, असं बहुमताचं म्हणणं पडलं.

बाळ येशूला सरकारी आसरा मिळाला तो सांताक्लॉजच्या शेजारामुळे. या निकालात मला सर्वांत जास्त खुपतं ते हे. न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांनी भिन्नमतपत्रात हीच वेदना मांडली: भाविकांना जे परमपवित्र, ते व्यापाराच्या हंगामाची वर्दी देणारी शोभेची वस्तू होऊन बसलं.

पुढे 1989 मध्ये पिट्सबर्गचं प्रकरण आलं. जिल्हा न्यायालयाच्या मुख्य जिन्यावर कॅथलिक संघटनेने दिलेला गोठा होता. वर देवदूत, त्याच्या हाती देवाचा महिमा सांगणारा लॅटिन फलक. आजूबाजूला ना सांता, ना रेनडिअर. तो घटनाबाह्य ठरला. तिथून जवळच दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर 45 फुटी नाताळवृक्षाशेजारी ज्यूंच्या हनुक्का सणाची 18 फुटी दीपमाळ उभी होती, ती चालली. भारतीयांना पिट्सबर्ग ठाऊक आहे ते पेन हिल्सच्या व्यंकटेश्वर मंदिरामुळे. भाविकांनी स्वतःच्या जागेवर उभं केलेलं ते मंदिर पुरतं धार्मिक आहे आणि त्याला शेजारी हत्ती-विदूषक ठेवावे लागत नाहीत.

न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी पॉटकेटच्या खटल्यातच एक कसोटी सांगितली होती. सरकारच्या कृतीमुळे त्या धर्माबाहेरच्या नागरिकाला आपण इथे उपरे आहोत असं जाणवतं का, आणि त्या धर्मातल्याला आपण खास मर्जीतले आहोत असं वाटतं का, ते पाहायचं. पॉटकेटचा देखावा या कसोटीला उतरतो, असं त्यांचं मत होतं. मला ते पटत नाही. पण कसोटी मात्र अस्सल आहे, कारण ती सरकारकडे उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्याच्या डोळ्यांनी पाहायला लावते.

आता ती मागे पडली आहे. मेरीलँडमध्ये सरकारी जमिनीवर असलेला, पहिल्या महायुद्धातल्या 49 मृतांचं स्मारक म्हणून 1925 साली उभारलेला सुमारे 40 फुटी क्रूस न्यायालयाने 2019 मध्ये कायम ठेवला. इतकी वर्षं उभ्या असलेल्या स्मारकाला काळानेच वेगळा अर्थ दिला, असा सूर होता. 2022 मध्ये सरकारी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या प्रार्थनेच्या खटल्यात तर 'इतिहास आणि परंपरा' हेच माप ठरलं. या मापात आपली माणसं कुठे बसतात? भारतीय तिथे मोठ्या संख्येने गेले ते 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर. व्हाइट हाउसमध्ये ओबामांनी 2009 साली दिवा लावला, 2016 मध्ये दिवाळीचं टपाल तिकीट निघालं, तेव्हा मराठी मंडळींनाही आनंद झाला आणि तो रास्त होता. पण परंपरा मोजायची म्हटलं, की आधी आलेल्याचं पारडं जड होणारच.

उंबऱ्याबाहेरच्याच्या डोळ्यांनी पाहण्याची ती कसोटी इथे भारतात, आपण बहुसंख्य असताना, किती जणांना आठवते? रस्त्यांवर, बागांमध्ये आणि इतर सार्वजनिक जागी कोणत्याही धर्माचं नवं अनधिकृत प्रार्थनास्थळ होऊ देऊ नये, असा आदेश आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2009 रोजी दिला. पण पोलीस ठाण्यातल्या सत्यनारायणाचं काय? चौरंगाला केळीचे खुंट बांधलेले, साहेब सोवळं नेसून पूजेला बसलेले, आणि बाकावर तक्रार घेऊन आलेला मुसलमान किंवा बौद्ध माणूस. वर्गणी कर्मचाऱ्यांनीच काढली, प्रथा पूर्वापार आहे, प्रसाद सगळ्यांना देतो, ही उत्तरं मनापासून दिली जातात. त्यांतलं एकही बाकावरच्या माणसाच्या प्रश्नाला भिडत नाही: इथे माझी तक्रार यांच्या माणसाविरुद्ध असेल तर? ही पूजा साहेबांच्या घरी झाली तर सत्यनारायणाचं काही उणं होणार नाही. त्यासाठी कोर्टाच्या आदेशाची वाट पाहायलाही नको. ठाण्याच्या प्रमुखाने मनावर घेतलं तरी पुरे आहे.