जाळीला बाजू असते काय?

माझी भाची हॉटेलांच्या अंतर्गत सजावटीची कामे करते. एका बिर्याणी हॉटेलच्या मालकाने तिला काम दिले आणि अट घातली: फॅमिली सेक्शन हवा, पण पडदे नकोत, दारे नकोत. तिने सहा टेबलांभोवती विणलेल्या धातूच्या जाळीचे आडोसे सुचवले. मालक खूश झाला. भाची मात्र बेचैन. एका रात्री फोनवर म्हणाली, "मामू, मी बायकांना बसायला जागा करतेय की त्यांना बाजूला सारायची सोय करतेय?"

मला लगेच उत्तर सुचले नाही.

आमच्या पिढीला जुन्या हॉटेलांची फॅमिली रूम ठाऊक आहे. पुरुष खाली, मोकळ्या हॉलमध्ये, रस्त्याकडे तोंड करून. बाया-पोरे अरुंद जिन्याने माळ्यावर. तेथे प्लायवुडचे कप्पे, तेलकट बोटांनी कडा काळवंडलेले पडदे, आणि पंखा असलाच तर शेजारच्या कप्प्यावर. वेटर सालन घेऊन आला की आवाज न देता पडदा सारायचा. अम्मी घाईने नकाब खाली ओढायची, घास हातातच राहायचा. परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नका, अशी सूरह नूरची शिकवण आहे. पण पडद्यावर टकटक करता येत नाही. ज्या पडद्यामागे बाईने सदैव सावध बसायचे, तो पडदा कोणाच्या सोयीचा, हे कोणी विचारत नसे. गोषा पाळला गेला, एवढे पुरे होते.

या बाबतीत जाळी खरोखर बरी. ती कापडासारखीच मागावर विणतात. स्टील किंवा पितळेच्या तारेचा ताणा आणि तारेचाच बाणा. साधी वीण आणि ट्विल यांतला फरक मालेगाव-भिवंडीच्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही. तार किती जाड आणि भोक किती मोठे, यावर आरपार किती दिसेल ते ठरते. समोरून ती विरळ भासते, तिरके पाहिले की दाट होत जाते. आत माणसे आहेत, पाणी संपले आहे, हे वेटरला दुरूनच कळते. डोकवायला कारण उरत नाही. हवा खेळती राहते. बंद केबिनमध्ये काय चालले असेल, ही मालकाची धास्तीही जाते.

कल्पना आपल्याला परकी नाही. कैरोच्या जुन्या घरांना लाकडी जाळीच्या खिडक्या आहेत, त्यांना मशरबिया म्हणतात. हा शब्द 'पिणे' या अर्थाच्या अरबी धातूशी जोडतात, कारण पाण्याची मडकी थंड व्हायला तेथे ठेवीत. अहमदाबादच्या सीदी सय्यद मशिदीतली झाडाची दगडी जाळी १५७२-७३ची. या साऱ्या जाळ्यांमागे एक साधी गोष्ट आहे, जी मी या निमित्ताने प्रथमच नीट समजून घेतली. जाळीला स्वतःची बाजू नसते. बाजू उजेड ठरवतो. अंधारातल्याला उजेडातला दिसतो, उजेडातल्याला अंधारातला दिसत नाही. जुन्या हवेलीत अंगणात ऊन आणि आत सावली, म्हणून आतली बाई बाहेर पाहू शके आणि बाहेरच्याला ती दिसत नसे. तिच्या वाट्याला जग पाहण्याचा तेवढा तरी हक्क आला होता.

हॉटेल मात्र रात्री चालते. भाचीने पहिला आडोसा उभा केला तेव्हा अम्मीला तेथे नेले. टेबलावर सुंदर दिवा लोंबत होता, आणि हॉल फॅशनप्रमाणे अंधुक. अम्मी बसली, वर पाहिले, म्हणाली, "बेटा, ये तो कंदील में बैठे सरका है." बाहेरून पाहिले तर खरेच, जाळी जणू विरघळली होती आणि अम्मी चित्रासारखी उजळून निघाली होती. आतून तिला बाहेरचे काहीच दिसत नव्हते.

मला औरंगाबादचा बीबी का मकबरा आठवला. राबिया दुर्रानीची कबर जमिनीच्या पातळीखाली आहे आणि तिच्याभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी. हयातभर जनान्यात राहिलेली बेगम. आज वरच्या पातळीवरून माणसे कठड्यापाशी वाकतात आणि खाली पाहतात. सगळीकडून जाळी, आणि वरून सगळे उघडे!

आपल्याकडचे सुधारक म्हणतील, आडोसा काढूनच टाका. नजर खाली ठेवा, हे कुरआनने आधी पुरुषांना सांगितले आणि मग स्त्रियांना; पुरुषांनी ते पाळले तर जाळी हवीच कशाला? युक्तिवाद बिनतोड आहे, पण तो ऐकून अम्मीला आज संध्याकाळी नकाब उचलून जेवता येत नाही. आणि लपावेसे फक्त बाईला वाटते, असेही नाही. कंपवाताने ज्याचा हात थरथरतो आणि शोरबा दाढीवर सांडतो, त्या म्हाताऱ्यालाही वाटते. आडोसा मागितलेला आणि आडोसा लादलेला, यांत जाळी तीच असते. फरक इतकाच, की आत बसलेल्याला बाहेर बसायची मुभा होती की नव्हती. श्रीमंतांना ती नेहमीच असते. न्यूयॉर्कच्या सीग्राम इमारतीत १९५९ साली उघडलेल्या फोर सीझन्स रेस्टॉरंटच्या खिडक्यांना धातूच्या साखळ्यांचे पडदे होते, खालून येणाऱ्या हवेने ते लहरत असत. रेस्टॉरंटने २०१६ मध्ये ती जागा सोडली. तेथे बडी माणसे दुपारी जेवायला येत ती आपण दिसावे म्हणून. माळ्यावरच्या बाईला कोणी विचारले नव्हते, तुला कुठे बसायचे आहे?

मी भाचीला एवढेच सांगितले: 'फॅमिली' ही पाटी लावू नकोस, आणि दिव्याचे बटण आत ठेव. ज्याला दिसायचे असेल तो लावील. मालक म्हणाला, अंधारात बसून लोक काय काय करतील! बरीच हुज्जत झाली. शेवटी सहापैकी दोन टेबलांना बटणे मिळाली, पाटी कोणत्याच नाही.

महिन्याभराने अम्मीला घेऊन गेलो. बटणांची दोन्ही टेबले भरलेली होती. एकावर नवरा-बायको, दुसऱ्यावर दोन पुरुष जमिनीच्या व्यवहाराचे कागद पसरून बसलेले, दिवा अर्थातच लावलेला. उरलेल्या चारांपैकी एकात चला म्हटले, तर अम्मीने मान हलवली. आम्ही हॉलमध्येच बसलो, तिची खुर्ची भिंतीकडे वळवून.