तिसरी पाटी

दहावी-बारावीचे निकाल लागून नव्या प्रवेशांची धावपळ सुरू झाली, की घुग्घुसच्या घराघरांत एक प्रश्न चर्चेला येतो आणि फिरत फिरत आमच्यापर्यंतही पोहोचतो. "फादर, फोन तर आहेच, लॅपटॉपही झाला, आता पोरगी टॅब मागते. घ्यावा का जी?" असल्या वस्तूंची चौकशी दुकानदाराकडे करावी, धर्मगुरूकडे कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु विचारणाऱ्याला बाजारभाव आमच्याहून चांगला ठाऊक असतो. खाणीत पाळी करून आणलेला पैसा कोणत्या कामी लावावा, आणि पोटच्या लेकराला नाही म्हणावे तर कशाच्या आधारावर म्हणावे, हे त्याला जाणून घ्यायचे असते. हा प्रश्न नीतीचा आहे. तेव्हा आम्ही त्याला बगल देणार नाही.

आमच्या परिचयाच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्याचा निकाल एका वाक्यात लावून टाकला होता. देवाने मोशेला दोनच पाट्या दिल्या, तिसरीची गरज इस्राएलास पडली नाही, असे ते हसत हसत म्हणाले. विनोद चांगला आहे. पण त्यात थोडे तथ्यही आहे, कारण टॅब्लेट ह्या शब्दाचा मूळ अर्थ पाटी असाच आहे. ज्यांनी दगडी पाटीवर पेन्सिलीने अक्षरे गिरवली ती पिढी आपल्यात अजून आहे. ती पाटी वह्या-पुस्तकांच्या जोडीला कशासाठी घेत असत? कच्चे गणित करण्यासाठी. वहीचे काम पाटीला साधत नसे, तसे पाटीचे काम वहीला परवडत नसे. नव्या पाटीलाही हीच कसोटी लावली पाहिजे.

नवल असे, की ही कसोटी विकणाऱ्यानेच स्वतः मान्य केली होती. 27 जानेवारी 2010 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे अ‍ॅपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज ह्यांनी आयपॅड जगापुढे ठेवला, तेव्हा आरंभीच त्यांनी हा मुद्दा काढला होता. फोन आणि लॅपटॉप ह्यांच्या मध्ये तिसऱ्या वस्तूला जागा हवी असेल, तर काही महत्त्वाची कामे तिने त्या दोघांहून सरस करून दाखविली पाहिजेत. तसे नसेल तर तिच्या असण्याला कारणच उरत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या वेळी त्यांच्याच कंपनीच्या फोनचा पडदा साडेतीन इंचांचा होता. आज साध्या फोनचा पडदा सहा इंचांवर गेला आहे आणि लॅपटॉपही पुष्कळ हलके झाले आहेत. म्हणजे मधली जागा दोन्ही बाजूंनी आक्रसत आली. 2014 नंतर काही वर्षे जगभर टॅबची विक्री घटत गेली, ती ह्यामुळेही असावी. 2020 च्या टाळेबंदीत ती पुन्हा वाढली, आणि ते का वाढली हे आपल्याला कोणी सांगावयास नको.

त्या काळाची आठवण ह्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. शाळा बंद झाल्या आणि अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ लागला. घरात फोन एक, तो बापाचा. बाप पहिल्या पाळीला गेला की फोन त्याच्याबरोबर गेला. रात्रपाळी करून आला की तो झोपणार आणि फोन उशाशी. भामरागड-एटापल्लीच्या बाजूला तर नेटवर्कच नव्हते, त्यामुळे तेथल्या मुलांची गोष्ट वेगळी आणि अधिक दुःखाची. परंतु आपल्याकडे नेटवर्क असूनही मुलांचा अभ्यास बापाच्या पाळीवर चालत असे, हे आम्ही घरभेटींत पाहिले आहे.

येथे फोनचा एक स्वभाव ध्यानात घ्यावा. फोन ही वस्तू दिसते कुटुंबाची, परंतु असते एकाच माणसाची. त्यात त्याचे सिमकार्ड असते, त्याला बँक जोडलेली असते, आधार जोडलेले असते, पैसे पाठविण्याची सोय त्यातच, आणि ओटीपीही त्यावरच येणार. असा फोन दोन तासांसाठी लेकराच्या हाती देणे म्हणजे आपले पाकीट, सहीचा शिक्का आणि खासगी पत्रव्यवहार एकदम त्याच्या हाती देण्यासारखे आहे. कोणताही विचारी माणूस हे कचरत कचरतच करील. लॅपटॉपचेही बहुधा तसेच. तो कॉलेजातल्या थोरल्याचा असतो आणि त्याच्याबरोबर नागपूरला वा चंद्रपूरला जातो. टॅब मात्र कोणा एकाचा नसला तरी चालतो. सिम नसलेला, बँकेशी संबंध नसलेला टॅब फळीवर ठेवता येतो, ज्याला गरज असेल त्याने तो घ्यावा आणि परत ठेवावा. पूर्वी घरात पंचांग किंवा पवित्र शास्त्र ज्या जागी असे, त्या जागी राहू शकेल अशी ह्या तिघांतली ही एकच वस्तू आहे.

म्हणून ज्या घरात एकच फोन आहे तेथे टॅब ही तिसरी वस्तू ठरत नाही. मुलांच्या दृष्टीने ती पहिलीच होय. अशा घरात साधा टॅब घेण्यात आम्हांला चैन दिसत नाही. ज्या घरात माणशी एक फोन आहे, वर लॅपटॉप आहे, आणि तरी टॅब हवा आहे, तेथे मात्र आम्ही आईबापांना एकच गोष्ट करावयास सांगतो. जे काम आज अडून राहिले आहे ते कागदावर लिहावे. "अभ्यास" असे लिहून चालणार नाही. कोणता विषय, दिवसाचा किती वेळ, आणि तो आज कशामुळे होत नाही, हे लिहावे. पुष्कळदा कागद कोराच राहतो. मग आणलेला टॅब चार महिन्यांनी पांघरुणाखाली सिनेमे दाखवीत असतो.

काही कामे खरोखरच कागदावर येतात, हेही मान्य केले पाहिजे. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात विनामूल्य मिळतात. ती छापील पानाच्या मापाने मांडलेली असतात. फोनवर ती दोन बोटांनी ताणून ताणून वाचावी लागतात आणि आकृती एकीकडे तर तिचे स्पष्टीकरण दुसरीकडे जाते. टॅबवर पान पुरे दिसते. गणिताची उदाहरणे पेनाने सोडविणे, चित्र काढणे, गायनवृंदाच्या वादकाला स्वरलिपीचे पान समोर ठेवणे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आजीला मोठ्या अक्षरांत वाचता येणे, ही कामेही फोनला जमत नाहीत. ज्याला निबंध लिहावयाचे, हिशेब मांडावयाचे किंवा संगणकाची भाषा शिकावयाची, त्याने मात्र टॅबच्या नादी लागू नये. तेवढ्याच पैशांत वापरलेला पण धड लॅपटॉप पाहावा.

स्वस्ताच्या मोहाविषयी एक इतिहास येथे सांगण्याजोगा आहे. 5 ऑक्टोबर 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल ह्यांनी 'आकाश' नावाचा टॅब विद्यार्थ्यांसाठी प्रकाशात आणला. किंमत सुमारे 2250 रुपये, म्हणजे जगात कोठेही नव्हती इतकी कमी. देशाला अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट होती. परंतु त्याचा पडदा बोटाने दाबावा लागे, यंत्राची गती मंद होती आणि बॅटरी दोन-तीन तासांत संपे. पुढे सूत्रे मुंबईच्या आयआयटीकडे आली, प्रा. दीपक फाटक ह्यांनी त्यासाठी मनापासून परिश्रम घेतले आणि नोव्हेंबर 2012 मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी ह्यांच्या हस्ते सुधारलेला 'आकाश-2' आला. तरीही 2015 पर्यंत सारा उपक्रम थंडावला. हेतू शुद्ध होता ह्यात शंका नाही. पण जी वस्तू मुलाच्या धीराची परीक्षा पाहते ती मूल खाली ठेवते, मग ती कितीही स्वस्त असो. मुंबई महापालिकेने 2015 साली दप्तराचे ओझे कमी करण्यासाठी आठवीच्या मुलांना टॅब दिले, आणि तिकडे अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या शाळांनी त्याआधी दोन वर्षे आयपॅडचा प्रचंड उपक्रम आरंभून वर्षभरातच आवरता घेतला. त्या कथांचा विस्तार येथे नको.

आपल्या विदर्भात मात्र एक योजना विचार करून आखलेली दिसते. नागपूरच्या 'महाज्योती' संस्थेकडून इतर मागास वर्ग, भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गातील, जेईई, नीट आणि सीईटीची तयारी करणाऱ्या निवडक विद्यार्थ्यांना टॅब दिला जातो, त्याबरोबर रोजच्या वापरासाठी इंटरनेट डेटा आणि ऑनलाइन शिकवणीही मिळते. वस्तू आधी आणि काम मागून असा उलटा क्रम येथे नाही. ज्या कुटुंबांपाशी ह्या प्रवर्गांचे दाखले आहेत त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी तिकडे चौकशी करावी.

आता थोडे खर्चाविषयी, आणि तो केवळ रुपयांतला नव्हे. घुग्घुसमध्ये राहून विजेचा हिशेब कोणाला सुचणार नाही? टॅब एका युनिटात सुमारे पंचवीस वेळा भरतो. रोज भरला तरी वर्षाला पंधराएक युनिटे, म्हणजे फार तर दहा किलो कोळसा. वणीच्या रस्त्यावर ट्रकांतून रोज सांडतो त्याच्या तुलनेत हे काहीच नाही. ह्या वस्तूंचे खरे ओझे वापरण्यात नसून घडविण्यात आहे. बॅटरीत कोबाल्ट नावाचा धातू असतो, आणि टॅबची बॅटरी फोनच्या दीडपट-दुप्पट असते. जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट एकट्या काँगो देशातून निघतो.

26 ऑगस्ट 2022 ह्या दिवशी आपल्या आमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. भोवतालच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. कोळसा कधीच निघून गेला होता, त्याची वीज कोठे कोणाच्या घरी जळली हे कोणी सांगू शकणार नाही. पोकळी मात्र राहिली ती इथल्या माणसांच्या पायांखाली. काँगोत कोलवेझी म्हणून खाणींचे शहर आहे. तेथल्या कासुलो वस्तीत 2010 नंतरच्या काही वर्षांत घरांच्या खालीच कोबाल्ट आहे असे कळले, आणि लोकांनी आपापल्या अंगणांत, काहींनी तर घराच्या जमिनीतूनच, विहिरीसारखे खड्डे खणले. भुयारे एकमेकांच्या घरांखाली गेली. काही ढासळली आणि माणसे आत राहिली. काँगोतल्या अशा खाणींवर लहान मुलेही राबतात, हे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने 2016 साली उघडकीस आणले. दिवंगत पोप फ्रान्सिस 2023 च्या आरंभी काँगोला गेले तेव्हा आफ्रिकेच्या खनिजांच्या लुटीविषयी त्यांनी कठोर शब्द वापरले होते. काही मोठ्या कंपन्या आता जुन्या बॅटऱ्यांतून काढलेला कोबाल्ट वापरू लागल्या आहेत, हे त्यांच्या पदरात टाकावे. परंतु आमराईचे घर ज्यांनी पाहिले, त्यांना कासुलोची वस्ती परकी वाटू नये.

ह्यावरून टॅब घेऊच नये असे आम्ही म्हणत नाही; फोनच्या बॅटरीतही तोच धातू असतो, आणि फोन टाकून देण्याची गोष्ट कोणी करीत नाही. मात्र घेतलेली वस्तू सहा-सात वर्षे पुरवून वापरणे हे खाणीतल्या माणसाप्रती आपले देणे आहे असे आम्ही मानतो. म्हणून दुकानात कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारण्याऐवजी दोन गोष्टी विचाराव्यात: कंपनी किती वर्षे अपडेट देणार, आणि बॅटरी बदलून मिळेल का? अगदी स्वस्त टॅबांना दोन-तीन वर्षांनी अपडेट येणे बंद होते, मग एकेक अ‍ॅप चालेनासे होते आणि धड असलेली वस्तू कपाटात जाते. पाच हजार वाचविल्याचे समाधान त्या कपाटात संपते.

जाता जाता आमच्या स्वतःच्या वापराविषयी. इटलीतील फादर पाओलो पाद्रिनी ह्यांनी 2008 पासून प्रार्थनाविधीचे पुस्तक फोनवर आणि पुढे आयपॅडवर आणले, आणि प्रवासात असताना धर्मगुरूंची त्यामुळे मोठी सोय झाली. वेदीवर मात्र छापील मिस्सा-ग्रंथच असावा, टॅब नसावा, असे न्यूझीलंडच्या बिशपांनी 2012 साली ठरविले. आम्हांस तो निर्णय पटतो. ज्या पडद्यावर क्षणापूर्वी बातम्या आणि जाहिराती होत्या त्याच्याकडे पाहत ख्रिस्तप्रसादाची प्रार्थना म्हणावी, हे मनाला रुचत नाही. ग्रंथ त्या एका कामासाठी राखलेला असतो. घरातला टॅबही असाच थोडाफार राखून ठेवता आला, म्हणजे त्यावर खेळ नाही, सिनेमा नाही, जेवताना तो समोर नाही, तर त्याच्या किमतीचे चीज होण्याची पुष्कळ आशा आहे.

शेवटी एक विनंती. घुग्घुसमध्ये जेवढे टॅब नवे घ्यावयाचे आहेत त्याहून अधिक कदाचित कपाटांत पडून असतील. ज्यांच्याकडे असा जुना पण चालू टॅब असेल त्यांनी आपली छायाचित्रे आणि खाती त्यातून काढून तो शेजारच्या एखाद्या अशा मुलीला द्यावा, जिच्या घरचा फोन पाळीवर जातो. चार्जरही बरोबर द्यावा. मात्र बॅटरी फुगलेली असेल, पडदा वर उचललेला दिसत असेल, तर तो कोणाला देऊ नये आणि चालतो का ते पाहण्यासाठी चार्जिंगलाही लावू नये; अशी बॅटरी पेट घेते.