दुसरी स्टिक

देव सर्वज्ञ आहे, तर तो माणसाला चुकू का देतो? पेडण्यात आमच्या घरावरून मोपा विमानतळाची विमाने जातात, तेव्हा या प्रश्नासोबत मला डॉ. विष्णू माधव घाटगे आठवतात. कोल्हापूरकडचे, जर्मनीत गटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटलांचे विद्यार्थी. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी रचलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये पहिल्यांदा उडाले.

त्यात एकामागे एक दोन आसने, दोन्हीकडे विमान हाकायच्या स्टिक, एकमेकींना जोडलेल्या. शिष्याचा हात डगमगला की गुरूच्या तळव्याला कळते. तरी तो लगेच धरत नाही. खाली पुरेशी उंची असेपर्यंत चूक होऊ देतो, कारण स्टॉल झालेले, म्हणजे पंखांची उचल गमावलेले, विमान नाक खाली घालून सावरणे नुसते ऐकून येत नाही. विमान फार सोशिक असले तर शिष्य शिकत नाही, फार अवखळ असले तर वाचत नाही. हा तोल रचनाकाराने आधीच साधायचा. मला तर यात करुणा दिसते; देवही असाच चुकू देत असावा.

गीतेतला सारथीही सारे सांगून झाल्यावर, अठराव्या अध्यायात, निर्णय अर्जुनावर सोपवतो.

पण कुणाचे तान्हे मूल दगावते, तिथे कसली चूक आणि कसली उंची? तिथे हे उत्तर मला पुरत नाही. डिचोली तालुक्यात नार्व्याला सप्तकोटेश्वरापुढे उभी राहते, तेव्हा मी त्याला तसे स्पष्ट सांगते.