वरून सोनेरी, आतून कच्चे



आज आगमनकाळाचा पहिला रविवार. आजपासून आपल्या घराघरांत नाताळची लगबग सुरू होईल. भिंतींना रंग लागेल, ओटीवर तारा लटकेल, मुले गोठ्यासाठी गवत आणि माती गोळा करतील. त्याच वेळी आपल्या काही कुटुंबांना अमेरिकेतून आणि कॅनडातून मुलांचे फोन येतील. ‘‘आई, यंदा आम्ही टर्की भाजणार आहोत,’’ असे एखादी लेक सांगेल, आणि इकडे आई विचारील, ‘‘एवढा मोठा पक्षी शिजतो तरी कसा गं?’’

तो कसा शिजतो, आणि कसा शिजत नाही, हे आम्ही एकदा चांगलेच अनुभवले आहे. तीच हकिगत आज सांगावीशी वाटते.

टर्की म्हणजे कोंबड्याच्याच जातकुळीतला, पण अंगाने कितीतरी मोठा पक्षी. मूळचा मेक्सिको आणि उत्तर अमेरिकेतला. गंमत अशी, की त्याला जो तो दुसऱ्याच्या गावचा समजतो. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, फ्रेंचांनी भारताचे, आणि खुद्द तुर्कस्तानात त्याला ‘हिंदी’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेत तो ‘पेरू’. १६१२ साली गोव्याहून जहांगीर बादशहाच्या दरबारी जे अपूर्व पशुपक्षी गेले, त्यांत हाही होता. दरबारातील चित्रकार मन्सूर याने काढलेले त्याचे चित्र आजही लंडनच्या वस्तुसंग्रहालयात आहे.

इंग्लंडात टर्की नाताळला भाजतात. अमेरिकेत मात्र तिचा मोठा मान ‘थँक्सगिव्हिंग’ म्हणजे उपकारस्मरणाच्या दिवशी. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी सारे कुटुंब एका टेबलाभोवती जमते. १६२१ साली प्लिमथ येथे नव्याने आलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांनी आणि तेथील मूळ रहिवाशांनी सुगीनंतर एकत्र जेवण केले, त्याची आठवण या दिवसाशी जोडलेली आहे. पण साऱ्या देशाने हा दिवस पाळावा असे आवाहन राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी केले ते १८६३ साली. तेव्हा उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध चालू होते, भाऊ भावावर बंदूक रोखून उभा होता. अशा वेळी लिंकन यांनी लोकांना देवाचे उपकार मानायला बोलावले, ही गोष्ट आपण लक्षात ठेवू या.

२००३ साली आम्ही शिक्षणासाठी अमेरिकेत शिकागोजवळच्या एका धर्मग्रामात राहत होतो. ज्यांना त्या दिवशी जायला घर नाही, अशा दहाबारा जणांना धर्मगुरूनिवासात जेवायला बोलवावे असे ठरले. स्वयंपाकाची जबाबदारी आम्ही मोठ्या हौसेने अंगावर घेतली. धर्मग्रामातील एक वृद्ध विधवा बाई मदतीला येणार होत्या. त्यांनी आम्हांला रविवारीच बजावले होते, ‘‘फादर, टर्की आजच फ्रीझरमधून काढून खाली फ्रिजमध्ये ठेवा हं. विसरू नका.’’

आम्ही विसरलो. सुमारे सहा किलोचा, दगडासारखा गोठलेला पक्षी. फ्रिजच्या थंडाव्यात दर दोन किलोंना साधारण एक दिवस, म्हणजे पूर्ण तीन दिवस त्याला लागतात. आम्हांला आठवण झाली बुधवारी सकाळी. गुरुवारी सकाळी तासभर नळाच्या गार पाण्याखाली धरला. वरून मांस मऊ लागले, आम्ही खूश झालो. पोटाच्या पोकळीत हात घातला तेव्हा बोटांना बर्फ लागला. तरी आम्ही म्हटले, भट्टीच्या आचेत वितळेल की! पावाचे तुकडे, कांदा, सेलरी, सेज नावाचा सुवासिक पाला, लोणी, असे सारण तयार होते. ते आम्ही पोटात गच्च दाबून भरले आणि पक्षी ओव्हनमध्ये सरकवला.

भरलेली टर्की फॅरनहाइटच्या ३२५ अंशांवर, म्हणजे सुमारे १६५ सेल्सिअसवर, निदान साडेतीन ते चार तास भाजायची असते. आम्हांला उशीर झाला होता. आम्ही आच वाढवली. अडीच तासांत काय सुंदर रंग आला! कातडी सोन्यासारखी चमकत होती, साऱ्या घरभर वास दरवळत होता. पाहुणे येऊन बसले होते. आम्ही अभिमानाने ती टेबलावर आणणार, एवढ्यात त्या बाई म्हणाल्या, ‘‘थांबा फादर. कातडीकडे बघून टर्की शिजली असं ठरवायचं नसतं. आधी पोटात काय चाललंय ते बघू या.’’

त्यांनी पिशवीतून एक लांब सुईचा थर्मामीटर काढला आणि थेट सारणाच्या मध्यभागी खुपसला. तेथे निदान १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस हवे. काटा १०० च्या आसपास थांबला. बाहेर सोने आणि आत तापाच्या माणसाच्या अंगाइतकीही ऊब नाही!

आम्ही म्हटले, ‘‘वरचे वरचे कापून वाढू या का? लोक भुकेले आहेत.’’ त्या म्हणाल्या, ‘‘आतल्या पावाने कच्च्या मांसाचं सगळं पाणी पिऊन घेतलंय, फादर. हे असंच वाढलंत तर उद्या सगळी आजारी पडतील.’’ त्यांनी चमच्याने सगळे सारण बाहेर काढले, एका पसरट भांड्यात घातले आणि वेगळे भाजायला ठेवले. करपू नये म्हणून पक्ष्याच्या छातीवर चंदेरी कागद झाकला, आच कमी केली आणि पुन्हा ओव्हनमध्ये ठेवला. दीड तास तरी लागणार होता.

आता त्या दिवशीच्या पाहुण्यांविषयी सांगायला हवे. त्यांत दोघे सख्खे भाऊ होते, दोघेही पन्नाशी उलटलेले. या बाई त्यांच्या मावशी. आई वारल्यावर तिचे घर विकण्यावरून दोघांत बिनसले होते. सहा वर्षे बोलणे नव्हते. मावशीने एकाला दुसऱ्याविषयी काही न सांगता दोघांनाही बोलावले होते. ते टेबलाच्या दोन टोकांना बसले. जेवण वेळेवर झाले असते, तर दोघे मुकाट्याने जेवून आपापल्या वाटेने गेले असते. पण जेवण तयार नव्हते. मोठा भाऊ कोट चढवून बाहेर थंडीत पायरीवर जाऊन उभा राहिला. गाडीची किल्ली त्याच्या हातात होती.

मावशीने हात पुसले आणि त्या बाहेर गेल्या. त्या काय बोलल्या हे आम्हांला ठाऊक नाही. बराच वेळ दोघे थंडीत उभे होते. मग तो आत आला. कोट मात्र त्याने काढला नाही.

अखेर टर्की शिजली. बाईंनी पुन्हा काटा लावून पाहिला, सारणाचाही आणि मांडीच्या मांसाचाही. तरी लगेच कापू दिली नाही. अर्धा तास तशीच ठेवली, म्हणजे रस मांसात मुरतो, नाही तर सुरी लावताच वाहून जातो. तेथे टर्की कापण्याचा मान घरच्या मोठ्याचा असतो. मावशीने सुरी मोठ्या भावाच्या हाती दिली आणि धाकट्याला म्हणाल्या, ‘‘तू ताट धर.’’ एकाने कापायचे, दुसऱ्याने झेलायचे. छातीचे मांस पांढरे असते, मांडीचे काळपट. मोठ्याने पहिला काप काढला आणि ताटाकडे बघतच विचारले, ‘‘पांढरं की काळं?’’

सहा वर्षांतले ते पहिले वाक्य होते. धाकटा म्हणाला, ‘‘आई द्यायची तेच.’’ मोठ्याने मांडीचा तुकडा त्याच्या ताटात ठेवला आणि मग अंगातला कोट काढून खुर्चीवर टाकला.

पुढे घराचा प्रश्न सुटला की नाही, हे आम्हांला कळले नाही. आम्ही वर्षभरात परत आलो. संत लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला (लूक १५:११-३२) वाचताना मात्र ती पायरी आम्हांला हमखास आठवते. तेथेही सणाचे जेवण आहे, पुष्ट वासरू कापले आहे, गाणे-नाचणे चालले आहे. आणि थोरला मुलगा बाहेर उभा आहे. तो वाईट नाही. शेतावर राबून आला आहे. बाहेरून पाहिले तर त्याच्यात दोष काढायला जागा नाही. पण आत त्याच्या मनात वर्षानुवर्षांचा बर्फ आहे. धाकट्याला तो ‘माझा भाऊ’ म्हणायलाही तयार नाही. बापाने काय केले? आतूनच हाक मारली नाही, चाकराला पाठवले नाही, तो स्वतः भरल्या पंगतीतून उठून बाहेर गेला आणि विनवू लागला. आणि थोरला आत गेला की नाही, हे प्रभू येशूने सांगितलेच नाही. ती गोष्ट येशूने अर्धवट ठेवली, कारण ती पूर्ण करणे आपल्याकडे सोपवलेले आहे.

बंधुभगिनींनो, आपल्या घरी नाताळला टर्की नसेल. विंदालू असेल, फुगे असतील, नेवऱ्या आणि केक असेल. पण वरून सोनेरी आणि आतून कच्चे राहण्याची चूक आपल्याकडूनही होते. आपले गोठे सुंदर होतात. मध्यरात्रीच्या मिस्साला नव्या कपड्यांत आपण सारे हजर असतो. आणि त्याच चर्चमध्ये दोन सख्खे भाऊ दोन वेगळ्या दारांनी आत येतात आणि दोन वेगळ्या दारांनी बाहेर जातात. वाडीची वाटणी, सामाईक विहीर, आईचे दागिने, म्हातारपणी बापाला कोणी सांभाळले, कारण कोणतेही असो. एका अंगणात दोन तारे लागतात आणि मध्ये भिंत असते. आपण मिस्साबलिदानाला ज्या ग्रीक नावाने ओळखतो, त्या ‘युखारिस्त’ शब्दाचा अर्थच उपकारस्मरण असा आहे. तो आपला खरा थँक्सगिव्हिंग. आणि त्यासाठी वेदीजवळ आलो असता भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करण्यास प्रभूने सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४).

आमच्या त्या फसलेल्या टर्कीने आम्हांला शिकवले ते या आगमनकाळासाठी आपल्यापुढे ठेवतो.

गोठलेले एका रात्रीत वितळत नाही. आच वाढवून ते साधतही नाही. फक्त वरचा भाग करपतो. २४ डिसेंबरच्या रात्री चर्चच्या अंगणात घाईने हात मिळवायचा आणि घरी जाऊन पुन्हा दार लावायचे, असे दरवर्षी होते. म्हणून बर्फ आजच बाहेर काढू या. या आठवड्यात ज्याच्याशी बोलत नाही त्याचे नाव घेऊन रोज एक ‘नमो मरिया’ म्हणू या. पुढच्या आठवड्यात रस्त्यात दिसला तर वाट न बदलता ‘‘कसं काय, दादा?’’ एवढेच विचारू या.

पोटात दाबून भरलेले बाहेर काढावे लागते. गच्च भरलेल्या सारणापर्यंत आच पोहोचत नाही. तसा मनात कोंबलेला राग आजूबाजूचे सारे कच्चे पाणी शोषत राहतो, आणि तो आपण आपल्या मुलांना वाढतो. ज्या काकाशी मुलांचे काही भांडण नाही, त्याच्याशी तीही बोलेनाशी होतात. प्रायश्चित्त संस्कारात आपण हेच बाहेर काढतो आणि देवाच्या दयेच्या उबेपुढे ठेवतो. नाताळच्या आदल्या दिवसाच्या रांगेची वाट न पाहता लवकर या.

आणि कोणी तरी पंगतीतून उठून बाहेर जायला हवे. प्रत्येक कुटुंबात अशी एखादी मावशी, आत्या किंवा थोरली वहिनी असते, जिचे दोन्ही घरांत ऐकले जाते. माताभगिनींनो, हे काम तुमच्यापैकी कोणाची तरी वाट पाहत आहे. मोठे भाषण लागत नाही. एकाच्या हाती सुरी आणि दुसऱ्याच्या हाती ताट द्यावे, पुढचे प्रभू पाहून घेईल.

काहींनी हे करून पाहिले आहे आणि समोरून दार उघडलेले नाही, हेही आम्ही जाणतो. त्यांनी खचू नये. दाखल्यातला बापही पायरीवर उभाच आहे. तुम्ही त्याच्या शेजारी उभे आहात.

हे प्रभू येशू, तू आमच्या घरी येत आहेस. आमचे अंगण तर आम्ही झाडले आहे. आता आमच्या अंतःकरणात हात घाल, तेथला बर्फ तुझ्या बोटांना लागू दे आणि तुझ्या प्रेमाच्या उबेने तो वितळू दे. आमच्या पंगतीत जी जागा रिकामी आहे, ती यंदाच्या नाताळला भरू दे. आमेन.