देवाच्या शब्दाला किंमत असावी का?



मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारापाशी पुस्तकांचे टेबल मांडून उभे राहणाऱ्या आम्हा मंडळींना दोन वाक्ये वरचेवर ऐकायला मिळतात. पहिले असे की, "देवाचा शब्द विकता कशाला? तो सर्वांना मोफत मिळायला हवा." दुसरे याच्या नेमके उलट : "फुकट वाटू नका. फुकटचे कोणी वाचत नाही." दोन्ही वाक्ये बोलणारे लोक श्रद्धावंत आहेत आणि दोघांनाही आपल्या धर्मग्रामाविषयी आस्था आहे. मग खरे कोणाचे मानायचे? वरवर पाहता हा प्रश्न थोड्याशा रुपयांचा वाटतो. परंतु थोडा विचार केला तर ध्यानात येते की, देवाकडून मिळालेल्या दानाशी आपण कसे वागतो याचाच हा प्रश्न आहे.

मत्तयलिखित शुभवर्तमानाचा दहावा अध्याय आपण उघडून पाहू या. प्रभू येशू आपल्या बारा प्रेषितांना गावोगाव पाठवीत आहे. आठव्या वचनात तो त्यांना ताकीद देतो की, त्यांना जे विनामोल लाभले आहे ते त्यांनीही विनामोलच द्यावे. लगेच पुढे दहाव्या वचनात तोच प्रभू सांगतो की, राबणाऱ्याला त्याचे अन्न मिळाले पाहिजे. दोन्हींमध्ये केवळ एका वचनाचे अंतर आहे. प्रभूने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले, असे मुळीच नाही. शब्द हा देवाचा, म्हणून त्याचा व्यापार होऊ शकत नाही. पण तो शब्द घेऊन उन्हातान्हात चालणारा माणूस आहे आणि माणसाला भूक लागते. संत पौलानेही करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात हा हक्क ठामपणे मांडला, आणि आपण स्वतः मात्र तो बजावला नाही, हेही सांगितले. त्याच करिंथ शहरात तो तंबू बनविण्याचा धंदा करून पोट भरत होता.

आता एखाद्या लहानशा प्रार्थनापुस्तिकेचा प्रवास पाहा. समजा, ती बत्तीस पानांची आहे, म्हणजे सोळा पानांचे दोन फॉर्म. कोणीतरी आधी मजकूर लिहितो किंवा अनुवाद करतो. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे भाविकांसाठीचे प्रार्थनापुस्तक स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या अनुमतीशिवाय छापता येत नाही, म्हणून तो मजकूर तपासणीसाठी जातो. मग डीटीपी, मग प्रुफे. पहिले प्रुफ, दुसरे प्रुफ, आणि डोळे थकल्यावर तिसरे. 'दीन' या शब्दाची वेलांटी चुकून 'दिन' छापले गेले, तर डोंगरावरील प्रवचनातले गरीब लोक निघून जातात आणि त्यांच्या जागी दिवस येतो! प्रुफे पाहणाऱ्याचे नाव पुस्तकावर बहुधा नसते. त्याने काम चोख केले तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढे कागद, छपाई, घडी, पिन, कटिंग आणि गठ्ठे बांधून टपाल किंवा एसटीने रवानगी. छापील पुस्तकावर जीएसटी नाही हे खरे, पण कागदावर आणि छपाईवर कर भरावाच लागतो. तेव्हा पुस्तिकेवर जी किंमत छापलेली असते ती प्रार्थनेची नसून या सगळ्या हातांची असते.

आपल्या मराठी ख्रिस्तसभेत हे काम नवे नाही. 'निरोप्या' हे मासिक फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीय मिशनऱ्याने १९०३ साली राहुरी तालुक्यातील केंदळ या खेड्यातून सुरू केले. तो जिल्हा तेव्हा अहमदनगर होता, आता अहिल्यानगर आहे. हेच फादर पुढे १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. विचार करा, त्या काळी खेड्यापाड्यांत लिहिता-वाचता येणारे किती थोडे! वर्गणी भरू शकणारे त्याहूनही थोडे. केवळ हिशेब पाहिला असता तर असे मासिक कोणी काढलेच नसते. परंतु एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे ही आपल्या गावांची जुनी रीत आहे. एका वर्गणीदारामागे किती कान असतात, याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

आता दुसरे वाक्य घेऊ. फुकटचे कोणी वाचत नाही, हे खरे आहे काय? आपल्याच कोल्हापूरचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. फुकटच्या शाळेची किंमत लोकांना राहणार नाही, म्हणून फी लावा, असे त्यांनी म्हटले नाही. उलट जे आईबाप मुलाला शाळेत धाडणार नाहीत, त्यांना महिन्याला एक रुपया दंड ठेवला. यातला विचार आपण समजून घ्यावा. फी माफ होती, पण जबाबदारी माफ नव्हती. शाळेचा खर्च संस्थानाने उचलला आणि आईबापांकडून मागितले ते एवढेच, की मुलाला पाठवा. देवाच्या कृपेचेही असेच आहे. बाप्तिस्मा आपण विकत घेतला नाही. क्षमा आपण विकत घेत नाही. ज्याची किंमत मोजता येत नाही तेच आपल्याला मोफत मिळालेले आहे. म्हणून वस्तू फुकट मिळाली की ती हलकी होते, असे ख्रिस्ती माणसाला म्हणता येणार नाही. ती घेणाऱ्याने कष्ट घेतले नाहीत, तर ती वाया जाते.

कष्टाने शब्द कसा टिकतो याची साक्ष फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' देते. हा इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आला, आपली भाषा शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांत त्याने तारणाचा इतिहास सांगितला. देवनागरीचे खिळे हाताशी नसल्यामुळे १६१६ साली रायतूर येथे तो ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. १६४९ आणि १६५४ मध्ये तो पुन्हा छापला गेला. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मग पुराण आपल्यापर्यंत कसे आले? भाविकांनी ते हाताने उतरवून घेतले म्हणून! अशा हस्तलिखितांच्याच आधारे १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. अकरा हजार ओव्या दिव्याच्या उजेडात एकेक करून लिहिण्यात किती रात्री गेल्या असतील? त्या माणसांनी छापखान्याला पैसा दिला नाही, पण किंमत मात्र पुरेपूर मोजली.

याच ठिकाणी आजच्या एका गोष्टीविषयी स्पष्ट बोलायला हवे. अलीकडे कोणी नवे प्रार्थनापुस्तक मोबाइलवर पानापानाने टिपतो, त्याची पीडीएफ करतो आणि व्हॉट्सॲपच्या चार ग्रुपवर पाठवून देतो. हेतू चांगला असतो. पण हे आणि हाताने उतरवून घेणे सारखे आहे काय? आजाऱ्याला एक प्रार्थना पाठविणे हे प्रेमाचे काम आहे. बाजारात मिळणारे अख्खे पुस्तक, घेण्याची ऐपत असताना, अशा रीतीने वाटणे मात्र वेगळे आहे. पुराण उतरविणाऱ्याने स्वतःचे कष्ट घातले. आपण बोटाने पुढे ढकलतो ते दुसऱ्याचे कष्ट असतात. त्याचा परिणाम असा होतो की, पहिल्या आवृत्तीचा खर्च निघत नाही आणि दुसरे पुस्तक छापलेच जात नाही. मराठीत कॅथलिक भाविकांसाठी लिहिणारे मुळात थोडे आहेत. मिसळीच्या प्लेटला आपण भाव विचारत नाही, गल्लीतल्या मंडळाची वर्गणीही हसतमुखाने देतो. मग प्रार्थनेचे पुस्तकच तेवढे महाग का वाटावे?

तरीही हे सारे ऐकून पुस्तके विकणाऱ्यांनी निर्धास्त होऊ नये. ज्याच्याकडे खरोखरच पैसे नाहीत असा एक जरी माणूस पुस्तक परत ठेवून मुकाट्याने निघून गेला, तर आठवे वचन आमच्या विरुद्ध साक्ष देईल. म्हणून आम्हाला वाटते ते असे : किंमत उघड असावी आणि खर्चाला धरून असावी. ज्याला शक्य आहे त्याने ती भरावी, आणि जमल्यास आणखी एका प्रतीची भरावी. ज्याला शक्य नाही त्याला पुस्तक मिळावे, कारण न विचारता आणि चारचौघांत न लाजविता. आणि घेणाऱ्या प्रत्येकाने, पैसे देऊन असो वा न देऊन असो, ते घरी उघडावे. कपाटात ठेवलेल्या पुस्तकाची किंमत कोणीच चुकती केलेली नसते.

या कामात फळ दिसेलच अशी खात्री नसते. पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या, पण त्यांचे उदाहरण आपल्या सर्वांचे आहे. साध्या माणसांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्यासाठी त्यांनी अनेक वर्षे खर्ची घातली. केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रिया त्यांच्या छापखान्यात हे काम करीत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई देवाघरी गेल्या आणि ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. बांधलेला ग्रंथ त्यांच्या हाती आला नाही, तो इतरांच्या हाती गेला. पेरणाऱ्याने याहून अधिक कशाची अपेक्षा करावी?

तेव्हा या रविवारी आपल्या प्रार्थनेत आपण त्या अनाम हातांची आठवण करू या : लिहिणाऱ्यांची, अनुवाद करणाऱ्यांची, प्रुफे पाहणाऱ्यांची, छापखान्यात उभ्याने राबणाऱ्यांची, गठ्ठे उचलणाऱ्यांची. आणि ज्या प्रभूने आपल्याला सर्व काही विनामोल दिले, तो आपल्याला उदार हाताने देण्याची आणि निष्ठेने वाचण्याची बुद्धी देवो. आमेन.